जवळपास निम्मी वस्ती, नऊपैकी शून्य जागा: लोवेल शहराचं प्रकरण

मे २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल शहराच्या तेरा रहिवाशांनी आपल्याच शहरावर फेडरल कोर्टात दावा लावला. कुणी आशियाई वंशाचे, कुणी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे. तक्रार एका ओळीत मावणारी होती: शहरात गोरे नसलेले लोक जवळपास निम्मे आहेत, पण नऊ जणांच्या नगर परिषदेत आज एकही नाही, आणि याला निवडणुकीची पद्धत कारणीभूत आहे. चार वर्षांनी पद्धत बदलली. जानेवारी २०२२ मध्ये कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबातला माणूस तिथे महापौर झाला. मधल्या काळात कुणी कोणता निर्णय कशाच्या भरवशावर घेतला, ते इथे मांडलं आहे. वादी खाजगी व्यक्ती आहेत, त्यामुळे त्यांची नावं दिलेली नाहीत. लोकप्रतिनिधींची नावं आहेत.

पार्श्वभूमी

लोवेल हे बॉस्टनच्या वायव्येला मेरिमॅक नदीकाठी वसवलेलं गिरणगाव. 'वसवलेलं' हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. १८२० च्या दशकात बॉस्टनच्या भांडवलदारांनी धबधब्याचं पाणी कालव्यांत फिरवलं आणि त्या पाण्यावर कापड गिरण्या उभ्या केल्या. गिरण्यांत आधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली आल्या. १८३४ आणि १८३६ मध्ये पगारकपातीविरुद्ध आणि वाढत्या खर्चाविरुद्ध काम बंद पाडणाऱ्या याच. कालवे खणायला १८२२ पासून आयरिश मजूर आले आणि तंबू-झोपड्यांत राहिले. अमेरिकन यादवी युद्धानंतर क्वेबेकमधून फ्रेंच भाषक कॅनेडियन आले, त्यांनी 'लिटल कॅनडा' वसवलं. मग ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश.

शहराच्या मध्याला लागून 'एकर' नावाची वस्ती आहे. आयरिश आधी तिथे राहिले, त्यांच्यानंतर ग्रीक, पुढे लॅटिनो आणि कंबोडियन. एकेक नवा समाज याच दारातून शहरात शिरला, बस्तान बसल्यावर बाहेरच्या मोकळ्या भागांत सरकला आणि जाता जाता सत्तेतही जागा मिळवत गेला. आयरिश माणूस महापौर व्हायला १८८० चं दशक उजाडलं, म्हणजे पहिली कुदळ पडल्यापासून साठ वर्षं गेली. सिनेटर पॉल सॉन्गस हे ग्रीक कुटुंबातले, लोवेलचेच. 'आमचे आजोबाही असेच आले, आम्हीही थांबलो, तुमचीही पाळी येईल' हे वाक्य या शहराच्या अंगात मुरलेलं आहे. पुढच्या वादात ते पुन:पुन्हा डोकावतं.

कंबोडियन आले १९८० च्या दशकात. ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्या राजवटीतून आणि थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून सुटलेल्या लोकांना १९८० च्या निर्वासित कायद्याने अमेरिकेत जागा मिळाली. सरकारने ठरवून लोवेलला पाठवलेली कुटुंबं थोडीच होती. बहुतेक जण आधी दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यात उतरले आणि नातेवाइकांमागून इथे आले. वांग लॅबोरेटरीज ही संगणक कंपनी लोवेलमध्ये होती, आसपास इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने होते, जुळणीच्या कामाला इंग्रजी फारशी लागत नव्हती. तीन मजली लाकडी घरांत भाडं परवडायचं. जवळच बौद्ध विहार उभा राहिला. बघता बघता कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या खालोखाल अमेरिकेतली सर्वांत मोठी कंबोडियन वस्ती लोवेलमध्ये झाली. १९९२ मध्ये वांग दिवाळखोरीत गेली, पण लोक राहिले. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,१५,५५४ भरली, त्यात साधारण एक पंचमांश आशियाई.

अडचण

पहिली ठिणगी शाळांत पडली. वर्ग अपुरे होते, निर्वासितांची मुलं वाढत होती, आणि त्यांना तळघरांत, कोपऱ्या-कपाऱ्यांत बसवलं जात होतं. १९८७ मध्ये लॅटिनो आणि आग्नेय आशियाई पालकांनी एकत्र येऊन दावा लावला. म्हणजे दोन समाजांची मोट २०१७ मध्ये पहिल्यांदा बांधली गेली नाही, तीस वर्षांपूर्वी मुलांच्या बाकांसाठी ती बांधून झाली होती. शहराचं उत्तरही लवकरच आलं. १९८९ मध्ये इंग्रजी हीच अधिकृत भाषा असावी, या सल्लावजा ठरावाला मतदारांनी मोठ्या फरकाने कौल दिला.

१९९९ मध्ये चानरिथी उओंग नगरसेवक झाले, अमेरिकेतले पहिले कंबोडियन नगरसेवक. २०११ मध्ये वेस्ना नुओन निवडून आले आणि २०१३ मध्ये हरले. अधूनमधून एखादा येतो, टिकत नाही, आणि परिषद पुन्हा पहिल्यासारखी होते. हे का होतं, ते पद्धतीकडे पाहिल्यावर कळतं.

लोवेलमध्ये वॉर्ड नव्हते. अख्खं शहर हाच एक मतदारसंघ, जागा नऊ, आणि प्रत्येक मतदाराला नऊ मतं. आपल्याकडे मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत चार नगरसेवकांचा प्रभाग असतो आणि पॅनलने पॅनल निवडून येतं अशी ओरड होते. तोच प्रकार शहरभर ताणला की लोवेल होतं.

आकड्यांत पाहू. समजा, दहा हजार लोकांनी मतदान केलं. सहा हजारांचा कल एका बाजूच्या नऊ उमेदवारांकडे आहे, चार हजारांचा दुसऱ्या नऊ जणांकडे. पहिल्या नऊ जणांना प्रत्येकी सहा हजार मतं पडतात, दुसऱ्या नऊ जणांना प्रत्येकी चार हजार. निकाल नऊविरुद्ध शून्य. चाळीस टक्के लोक घराबाहेर पडले, रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या हाती एकही जागा नाही. प्रत्यक्षात मतं इतकी शिस्तीत पडत नाहीत, म्हणून उओंग किंवा नुओन अधूनमधून निसटून वर येत. त्यासाठी अल्पसंख्य मतदाराला एक डाव शिकवला जायचा: नऊ मतं असली तरी एकच टाका, बाकीची आठ कोरी सोडा, नाहीतर आपल्याच माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला मदत होते. डाव चालतो. पण शेजारच्या मतदाराने नऊ नगरसेवक निवडायचे आणि आपण एक, ही त्याची किंमत आहे.

त्यात २०१७ मध्ये हायस्कूलचा प्रश्न पेटला. शहरातलं एकमेव मोठं सरकारी हायस्कूल शहराच्या मध्यात आहे. एकरमधली आणि आसपासची मुलं तिथे चालत जातात. इमारत जुनी झालेली. परिषदेने जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की नवं हायस्कूल पूर्वेच्या टोकाला, बेल्विडिअर या सुखवस्तू भागातल्या कॉली स्टेडियमजवळ बांधायचं. दाव्यातला एक मुद्दा नेमका बेल्विडिअरचा होता: नगरसेवकांपैकी बरेचजण त्याच भागात राहणारे. कायद्याची कलमं ज्यांना कळत नव्हती त्यांनाही मुलाला बसने टोकाला पाठवावं लागणार, एवढं बरोबर कळलं.

वादींपुढचे पर्याय

पहिला रस्ता म्हणजे चालू पद्धतीतच जोर लावायचा: मतदार नोंदवा, एकच मत टाकायला शिकवा, दर दोन वर्षांनी लढा. पंधरा-वीस वर्षं हेच चाललं होतं आणि हाती काय आलं ते वर सांगितलंच.

दुसरा, शहराची सनद, म्हणजे कारभाराचे मूळ नियम, बदलून घ्यायची. पण ज्या परिषदेला बदलायचं तिच्याकडेच बदल मागायचा, आणि गाडं पुढे रेटायला शहरभराचं बहुमतही लागणार. जे बहुमत मिळत नाही म्हणून तक्रार आहे, त्याच्याच दारात पुन्हा उभं राहायचं.

तिसरा, कोर्ट. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या कलम २ मध्ये १९८२ साली दुरुस्ती झाली आणि भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची गरज उरली नाही. परिणाम दाखवता आला तरी पुरत होतं. लोवेलच्या बाबतीत हे कळीचं होतं, कारण कंबोडियनांना बाहेर ठेवायला ही पद्धत आणली असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. ती ठरली तेव्हा कंबोडियन यायला वीस-पंचवीस वर्षं अवकाश होता. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या एका खटल्यात अशा दाव्यांसाठी तीन पायऱ्या घातल्या होत्या. अल्पसंख्य गट एखाद्या वॉर्डात बहुमत होईल इतका मोठा आणि एकवट राहणारा असावा, त्याचं मतदान एकमुखी असावं, आणि बहुसंख्यांचं एकगठ्ठा मतदान त्याच्या उमेदवाराला सहसा पाडत असावं.

पहिल्याच पायरीवर पेच होता. शिरगणती लोकसंख्येची होत नाही, मतदानाच्या वयाच्या नागरिकांची होते. निर्वासित कुटुंबांतल्या अनेक वडीलधाऱ्यांनी नागरिकत्व घेतलेलं नव्हतं, मुलं अजून लहान होती. निव्वळ आशियाई किंवा निव्वळ लॅटिनो गट घेतला तर संख्या तोकडी पडण्याचा धोका. म्हणून निर्णय झाला की दोन्ही समाजांनी मिळून एक गट म्हणून उभं राहायचं. हा डाव धाडसाचा होता. अशी युती या कायद्यात बसते की नाही यावर अमेरिकेतल्या अपील कोर्टांचं एकमत नव्हतं. त्यांपैकी 'सहावं सर्किट' या अपील कोर्टाने १९९६ मध्ये ती चक्क नाकारली होती. शिवाय दोन समाज खरोखर एकसारखं मतदान करतात हे सिद्ध करण्याचं ओझं वादींवर येतं. तरी माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि १९८७ चा शाळांचा लढा हे त्यामागचं सर्वांत भक्कम कारण. केवळ खटल्यापुरती जमवलेली युती उलटतपासणीत टिकत नाही.

शहरापुढचे पर्याय

शहराने आधी दावा फेटाळण्याचा अर्ज केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायाधीश विल्यम यंग यांनी तो नामंजूर केला आणि युतीचा दावा ऐकून घेण्याजोगा ठरवला. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. हायस्कूल मध्यवस्तीतच राहावं असा कौल मतदारांनी सल्लावजा प्रश्नावर दिला, आणि वेस्ना नुओन पुन्हा निवडून आले.

इथे शहराला चांगली संधी होती. 'पाहा, पद्धत न बदलताही कंबोडियन माणूस येतोच आहे' असं म्हणून खटला ताणता आला असता. पण एका हंगामातल्या एका जागेने अनेक वर्षांचा आलेख पुसला जात नाही, आणि ती निवडणूक हायस्कूलच्या वादाने तापलेली होती, नेहमीची नव्हती. ताणण्याचा खर्चही होता. हरलं तर शहराला आपल्या वकिलांसोबत वादींच्या वकिलांचाही खर्च सोसावा लागतो, आणि पद्धत कोर्ट ठरवतं. तडजोड केली तर निदान पद्धत निवडण्यात शहराचा शब्द राहतो. २०१९ च्या मध्याला शहराने तडजोड स्वीकारली आणि कोर्टाने कन्सेंट डिक्रीवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर, शिक्का मारला.

नवी पद्धत कोणती

दोन पर्याय मतदारांपुढे ठेवण्यात आले. एक, आठ वॉर्डांतून आठ नगरसेवक आणि तीन शहरभरातून, एकूण अकरा. आठांपैकी किमान दोन वॉर्ड असे आखायचे की तिथे अल्पसंख्य मतदार बहुमतात असतील. दोन, शहर एकच मतदारसंघ ठेवून पसंतीक्रमाने मतदान.

दुसरी पद्धत मराठी वाचकाला परकी नाही. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पहिल्या-दुसऱ्या पसंतीची मतं देतात, कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ठरतो, जास्तीची मतं पुढे वळतात. तेच इथे सामान्य मतदाराने करायचं. वरचंच उदाहरण घ्या: दहा हजार मतं, नऊ जागा, कोटा १,००१. चार हजार मतदारांच्या गटाला तीन जागा हमखास मिळतात आणि चौथीवर चुरस होते. शून्यावरून तीन-चार, आणि त्यासाठी कुणी कुठे राहतं याला काही महत्त्व नाही.

गंमत अशी की लोवेलने ही पद्धत वापरून सोडून दिली होती. १९४२ मध्ये शहराने 'प्लॅन ई' सनद स्वीकारली: कारभार परिषदेने नेमलेल्या प्रशासकाकडे, म्हणजे सिटी मॅनेजरकडे, आणि परिषद पसंतीक्रमाने. १९४३ पासून तशा निवडणुका झाल्या, १९५७ मध्ये मतदारांनी पसंतीक्रम रद्द केला, सनदेचं बाकीचं अंग तसंच ठेवलं. बॉस्टनजवळच्या केंब्रिज शहराने तीच पद्धत आजवर चालवली आहे. २०१७ मध्ये कोर्टात गेलेली नऊ-नऊ मतांची रीत म्हणजे त्या जुन्या सुधारणेतून गाभा काढून घेतल्यावर उरलेलं टरफल.

नोव्हेंबर २०१९ च्या सल्लावजा कौलात वॉर्डांचा मिश्र पर्याय जिंकला आणि परिषदेने तोच पक्का केला. आश्चर्य नाही. 'आमच्या वॉर्डाचा नगरसेवक' हे कुणालाही समजतं. कोट्याचं गणित दारोदार समजावणं अवघड. पुढच्याच वर्षी राज्यभर एका जागेसाठीच्या पसंतीक्रमाचा प्रस्ताव मतदानाला आला आणि तोही पडला.

या प्रकरणातला सर्वांत हुशारीचा निर्णय हा कौल घेण्याचा होता, असं मला वाटतं. ज्या बहुसंख्यांच्या मतदानाबद्दल तक्रार, त्यांनाच उपाय निवडू देणं वरवर वेडेपणाचं दिसतं. पण मतपत्रिकेवरचे दोन्ही पर्याय वादींना मान्य होते. जुनी पद्धत त्यावर नव्हतीच. कुठेही शिक्का मारला तरी बदल होणारच होता, आणि झालेला बदल कोर्टाने लादला असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. तीन कंबोडियन-अमेरिकन निवडून आले: वॉर्डांतून सोखारी चाऊ आणि पॉल राथा येम, शहरभरातून नुओन. जानेवारी २०२२ मध्ये परिषदेने चाऊ यांना महापौर निवडलं, अमेरिकेतले पहिले कंबोडियन-अमेरिकन महापौर. त्यांचे वडील ख्मेर रूजच्या काळात मारले गेले होते. कालव्याची पहिली कुदळ ते आयरिश महापौर साठ वर्षं. छावणी ते कंबोडियन महापौर चाळीस. 'तुमचीही पाळी येईल' म्हणणाऱ्यांना हा आकडा आपल्या बाजूचा वाटतो. पण पाळी आपोआप आली नाही. जुन्या नियमांत चाऊ जिंकलेच नसते असं ठामपणे म्हणता येत नाही, पण एकाच वेळी तिघे जिंकणं त्या नियमांत कधी घडलं नव्हतं.

महापौरपदाचं वजन मात्र नीट तोलायला हवं. लोवेलचा महापौर परिषद आपल्यातून निवडते. तो सभा चालवतो, शालेय समितीच्या अध्यक्षस्थानी बसतो. तिजोरी आणि नेमणुका सिटी मॅनेजरकडे. आपल्याकडच्या महापौर-आयुक्त जोडीची आठवण होते, फरक इतकाच की तिथला मॅनेजर राज्य सरकार पाठवत नाही, परिषद नेमते. त्यामुळे महापौरपदाच्या मानापेक्षा मॅनेजर नेमतानाची परिषदेतली तीन मतं जास्त मोलाची.

दावा दोन समाजांनी मिळून लावला होता. पहिल्या फेरीचा ठळक लाभ कंबोडियनांना झाला. लॅटिनो समाजाच्या वाट्याला तसं यश आलं नाही. ते शहरात जास्त विखुरलेले, आणि वॉर्ड पद्धत दाटीने राहणाऱ्याला फळते.

वेगळं काय करता आलं असतं

शहराने १९९९ नंतर किंवा निदान २०१० च्या जनगणनेनंतर स्वतःहून सनदेचा विषय काढायला हवा होता. आकडे समोर होते आणि १९८७ चा दावाही विसरण्याइतका जुना झाला नव्हता. तेव्हा घाई नसती, आणि तेरा नागरिकांना वकील गाठावे लागले नसते.

वादींच्या बाजूबद्दल माझा आक्षेप पसंतीक्रमाला मिळालेल्या वेळेबद्दल आहे. तडजोड आणि कौल यांत जेमतेम काही महिने गेले. तेवढ्यात एक पर्याय लोकांना आधीच ठाऊक होता आणि दुसरा शिकवावा लागणार होता. सामना बरोबरीचा नव्हता. ख्मेर, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये नमुना मतपत्रिका घेऊन विहारांत, चर्चमध्ये, शाळांत वर्षभर सराव मतदान घेतलं असतं, तर निकाल कदाचित हाच लागला असता, पण पर्याय निदान समजून नाकारला गेला असता.

वॉर्डांना एक मुदतही आहे. एकरमधली आणि लोअर हायलँड्समधली कंबोडियन कुटुंबं आयरिश आणि ग्रीकांच्याच वाटेने जात आहेत: आधी त्याच शहरातलं मोठं घर, मग ड्रॅकट किंवा चेम्सफर्ड ही शेजारची गावं. २०२१ च्या निवडणुकीचे नकाशे ज्या दाटीवर आखले ती दर वर्षी थोडी सैल होते, आणि नकाशे दहा वर्षांनीच बदलतात. पसंतीक्रमात शहराच्या आत घर बदललं तरी मताचं वजन सोबत जातं. २०३० च्या जनगणनेनंतर दोन वॉर्डांच्या रेषा पुन्हा आखायला बसतील, तेव्हा हा मुद्दा टेबलावर येणार आहे.